वायरलेस सिम्युलेशन अर्ध्यावर थांबतंय? विद्यार्थी आवृत्तीची इव्हेंट-मर्यादा आणि तिच्यात बसायचं कसं

फेब्रुवारी लागला की आमच्या लॅबमध्ये तीच तक्रार सुरू होते. "मॅडम, मॉडेल बरोबर आहे, एरर काहीच नाही, पण सिम्युलेशन पूर्ण होत नाही." शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट असतात, विषय बहुतेकदा मोबाइल ॲड हॉक नेटवर्कचा, म्हणजे टॉवरशिवाय एकमेकांमार्फत पॅकेट पोचवणाऱ्या फिरत्या उपकरणांचा (नोडचा): एओडीव्ही, डीएसआर, ओएलएसआर या रस्ता शोधणाऱ्या (राउटिंग) प्रोटोकॉलची तुलना. सॉफ्टवेअर विद्यार्थी आवृत्तीचं, कारण पूर्ण आवृत्ती घरच्या लॅपटॉपवर आणणं कुणालाच परवडत नाही. हा बिघाड मी इतक्यांदा सोडवला आहे की आता मुलं दारात दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितव्या सेकंदाला थांबलं आणि तेव्हा इव्हेंट (सिम्युलेटर एकामागून एक हाताळतो त्या छोट्या घटना) किती झाले होते? त्याचं उत्तर असेल तर अर्धं काम झालेलं असतं. ते सहसा नसतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

उदाहरणं मुख्यतः ऑपनेट या नेटवर्क सिम्युलेटरची आहेत. २०१२ साली रिव्हरबेडने ऑपनेट विकत घेतलं आणि त्याचं नाव रिव्हरबेड मॉडेलर झालं, पण आमच्याकडे अजून सगळे ऑपनेटच म्हणतात. त्याच्या ॲकॅडेमिक, म्हणजे विद्यार्थी, आवृत्तीत एका रनला (एकदा सिम्युलेशन चालवण्याला) ५ कोटी इव्हेंटची मर्यादा आहे. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर आकडा वेगळा असेल, हिशोब मात्र हाच.

लक्षणं

सगळ्यात स्पष्ट लक्षण: ६०० सेकंदांचं सिम्युलेशन लावलं आणि ते दीड-दोनशे सेकंदांच्या आसपास कुठेतरी थांबलं. ग्राफ तिथपर्यंत येतो आणि पुढे तुटतो. प्रत्येक वेळी त्याच सेकंदाला थांबतं. हे महत्त्वाचं आहे, कारण मेमरी संपली तर थांबण्याची जागा बदलत राहते.

दुसरं लक्षण फसवं असतं. रन "पूर्ण झाला" असं दिसतं, पण थ्रूपुटचा (सेकंदाला किती डेटा पोचला त्याचा) ग्राफ शून्यावर सपाट. मुलं राउटिंग तपासत बसतात आणि दोन-दोन दिवस घालवतात. राउटिंगमध्ये काहीच चुकलेलं नसतं.

तिसरं: १० नोडचं मॉडेल व्यवस्थित चालतं, २० चंही चालतं, ४० केले की थांबतं. नोड दुप्पट केल्यावर काम दुप्पट होईल असा अंदाज असतो, आणि तो वायरलेसमध्ये चुकतो.

चौथं: पाच वेळा रन केलं, पाचही वेळा उत्तर दशांशापर्यंत एकच. मुलांना हे चांगलं लक्षण वाटतं. हा वेगळा दोष आहे, पण मर्यादेत बसण्यासाठी रन लहान केले की तो हमखास सोबत येतो, म्हणून याच यादीत घेतला आहे.

लायसन्सचा संदेश येत असेल, प्रोग्राम उघडतच नसेल, तर थेट शेवटच्या भागाकडे जा. ते दुखणं निराळं आहे.

आधी संदेश वाचा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. रन संपल्यावर जो लॉग तयार होतो तो उघडा आणि शेवटच्या ओळी वाचा. इव्हेंट-मर्यादा गाठली असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. मुलं ती खिडकी न वाचता बंद करतात, कारण रन चालू असताना तिथे इतक्या सूचना येऊन गेलेल्या असतात की नजर मरते.

हे आधी करायचं, कारण मर्यादा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींवर औषध वेगळं. इव्हेंट संपले तर मॉडेलमधली वर्दळ कमी करावी लागते. मेमरी संपली तर गोळा करायची आकडेवारी कमी करावी लागते: प्रत्येक नोडचा प्रत्येक ग्राफ साठवायला लावला की ८ जीबीचा लॅपटॉप दमतो, पण इव्हेंटच्या मोजणीत त्याने एकाचाही फरक पडत नाही. नोडच्या संख्येवर मर्यादा असेल तर मॉडेल सेव्ह होतानाच किंवा रन सुरू होतानाच अडतं, मध्यावर नाही.

मागच्या वर्षी एका मुलाने इव्हेंट वाचवायचे म्हणून सगळे ग्राफ बंद केले, ॲनिमेशन बंद केलं, आणि रन तंतोतंत त्याच सेकंदाला थांबला. तो फार निराश झाला होता. बिघाड ओळखल्याशिवाय उपाय केला की असं होतं.

कालावधी आणि सुरुवातीची वेळ

हेही फुकट. ऑपनेटमध्ये कालावधी न बदलल्यास तो १ तास असतो. ५ कोटींना ३,६०० ने भागा: सेकंदाला जेमतेम १३,८८८ इव्हेंट वाट्याला येतात. तारेच्या लहानशा नेटवर्कला ते पुरतात. वायरलेसला का पुरत नाहीत ते पुढे येईलच. तुम्हाला खरंच एक तास हवा आहे का, की तो आकडा तिथे आधीपासून होता म्हणून राहिला? माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा उत्तर दुसरं असतं.

दुसरी नोंद त्याहून महत्त्वाची. ॲप्लिकेशनच्या प्रोफाइलची सुरुवात मुळात १०० ते ११० सेकंदांच्या दरम्यान ठेवलेली असते, आणि त्यावर ॲप्लिकेशनचा स्वतःचा ५ ते १० सेकंदांचा उशीर. एखाद्याने घाबरून कालावधी १०० सेकंदांवर आणला की डेटाचं एकही पॅकेट निघायच्या आत रन संपतो. सपाट ग्राफचं कारण हेच. सुरुवात २० सेकंदांवर आणली की ग्राफ जिवंत होतो.

पण ती सरसकट अलीकडे आणू नका. पहिली १०० सेकंदं वाया गेलेली नसतात: राउटिंगच्या टेबलांना स्थिर व्हायला आणि फिरणाऱ्या नोडना मैदानात विखुरायला वेळ लागतो. ओएलएसआर मुळात दर २ सेकंदांनी हॅलो (मी इथे आहे असं शेजाऱ्यांना सांगणारा संदेश) आणि दर ५ सेकंदांनी टोपोलॉजीची माहिती पाठवतं. त्याला दोन-चार फेऱ्या मिळायलाच हव्यात. शिवाय डेटा नसताना इव्हेंटही थोडेच खर्च होतात, त्यामुळे ही शांत वेळ कापून वाचतं फारसं काही नाही. नोड स्थिर असतील तर २० ते ३० सेकंदं पुरतात. फिरते असतील तर मी १०० तशीच ठेवते.

कागद-पेन्सिल घ्या: इव्हेंट जातात कुठे

लागतो अर्धा तास, खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते या सगळ्यातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. इथे घाई केली की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

तारेच्या दुव्यावर पॅकेट एका टोकाकडून निघतं, दुसऱ्या टोकाला पोचतं. हवेत तसं नाही. एकाने पाठवलेली फ्रेम (हवेतून जाणारा एकेक संदेश) सगळ्यांच्या कानावर पडते, आणि ती कुणाला नीट ऐकू आली, कुणाला नुसता गोंगाट वाटली, हे सिम्युलेटरला प्रत्येकासाठी वेगळं ठरवावं लागतं. ऑपनेटच्या रेडिओ पाइपलाइनमध्ये यासाठी १४ टप्पे आहेत: चॅनल जुळतो का, अँटेना किती साथ देते, किती शक्तीने सिग्नल पोचला, त्याच वेळी दुसरं कोण बोलत होतं, किती बिट बिघडले. त्यातले बहुतेक दर रिसिव्हरमागे चालतात. ४० नोड असतील तर एका फ्रेमचे ३९ पाहुणे.

गेल्या वर्षीच्या एका जोडीचं मॉडेल घेऊन हिशोब मांडते. १ किलोमीटर बाय १ किलोमीटर मैदान, ४० फिरते नोड, प्रत्येक जण सेकंदाला १० पॅकेट पाठवणारा. मुक्कामी पोचायला सरासरी ३ हॉप, म्हणजे नोडकडून नोडकडे तीन उड्या. त्यांनी आरटीएस-सीटीएस, म्हणजे डेटाआधी "पाठवू का?" "पाठव" अशी देवाणघेवाण, चालू ठेवलं होतं.

४० नोड गुणिले १० म्हणजे सेकंदाला ४०० पॅकेट. गुणिले ३ हॉप, १,२००. प्रत्येक हॉपला ४ फ्रेम, आरटीएस, सीटीएस, डेटा आणि ॲक (पोच): ४,८००. प्रत्येक फ्रेम ३९ कानांवर: १,८७,२००. प्रत्येक कानावर फ्रेम पडायला सुरुवात होणं आणि संपणं असे कमीत कमी दोन इव्हेंट धरले तर सेकंदाला ३,७४,४००. ५ कोटींना याने भागलं की येतात साधारण १३३ सेकंदं.

त्यांचा रन प्रत्यक्षात डेटा सुरू झाल्यापासून ७१ व्या सेकंदाला थांबला होता. म्हणजे सेकंदाला सुमारे ७ लाख इव्हेंट, माझ्या हिशोबाच्या १.८८ पट. टकरीमुळे पुन्हा पाठवलेल्या फ्रेम, राउटिंगची पॅकेटं, वरच्या थरांचे टायमर, हे सगळं त्या फरकात आलं. कागदावरचा हिशोब तंतोतंत जुळत नाही, पण कोणता गुणक मोठा आणि कोणता लहान हे तो बरोबर सांगतो. तुमच्या मॉडेलचा हा फरक काढायला डेटा सुरू झाल्यानंतरची २० सेकंदं चालवा, प्रगतीच्या खिडकीत सुरुवातीचा आणि शेवटचा इव्हेंटचा आकडा टिपा, वजाबाकी करून २० ने भागा.

आता याच जोडीने माझ्याकडे येण्याआधी काय केलं होतं? एओडीव्हीचे हॅलो संदेश बंद केले होते. कुणीतरी सांगितलं की हॅलोमुळे ट्रॅफिक वाढतो. मोजून बघा: हॅलो सेकंदाला एक, ४० नोडचे ४०, ते ब्रॉडकास्ट असल्याने ना आरटीएस ना ॲक. ४० गुणिले ३९ म्हणजे १,५६०, दुप्पट ३,१२०. पावणेचार लाखांतले तीन हजार, शंभरात एकही नाही. आणि बदल्यात शेजारी निघून गेला हे कळायचा एक मार्ग त्यांनी बुजवला. प्रोटोकॉलचं वागणं बदललं, वाचलं काहीच नाही.

मोठा गुणक कापा, पण तुमचा प्रश्न सांभाळून

गुणकांची रांग समोर आली की प्रत्येकाला विचारायचं: माझा प्रश्न यावर अवलंबून आहे का?

त्या जोडीचा प्रश्न होता, नोडचा वेग वाढला की एओडीव्ही आणि ओएलएसआर यांतलं कोण जास्त पॅकेट पोचवतं. या प्रश्नाला ४० जण एकाच वेळी बोलायला हवेत असं मुळीच नाही. उलट सगळे बोलू लागले की चॅनल तुंबतो, पॅकेटं गर्दीमुळे पडतात, आणि वेगाचा परिणाम त्या गर्दीत दिसेनासा होतो. आम्ही १० ठरावीक जोड्या बोलत्या ठेवल्या. बाकी ३० नोड फक्त पॅकेट पुढे सरकवायला.

आरटीएस-सीटीएस बंद केलं. ते का चालू होतं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "ज्या पेपरवरून घेतलं त्यात होतं." तो पेपर एनएस-२ या दुसऱ्या सिम्युलेटरवरचा होता, आणि एनएस-२ मध्ये आरटीएसची मर्यादा मुळातच ० बाइट असल्याने प्रत्येक डेटा फ्रेमआधी आरटीएस जातो. ऑपनेटमध्ये ते मुळात बंद असतं. ज्याने पेपर लिहिला त्याने ते कदाचित निवडलंही नसेल. तुमच्या प्रोजेक्टचा विषयच लपलेल्या नोडची अडचण (एकमेकांना ऐकू न येणारे दोघं तिसऱ्याशी एकदम बोलतात ती) असेल तर मात्र आरटीएसला हात लावू नका, दुसरीकडे कापा.

नवा हिशोब: १० गुणिले १० गुणिले ३ हॉप गुणिले २ फ्रेम म्हणजे ६००. गुणिले ३९, गुणिले २: सेकंदाला ४६,८००. त्यावर मोजलेला १.८८ चा फरक चढवला तर ८८,००० च्या आत. डेटाची ५०० सेकंदं धरली तर ४ कोटी ४० लाख. बसलं. दोन सेटिंग बदलून, एकही नोड न काढता.

काही जण पॅकेटचा आकार ५१२ वरून १,०२४ बाइट करतात आणि दर निम्मा. सेकंदाला जाणारे बिट तेवढेच राहतात आणि इव्हेंट अर्धे होतात. थ्रूपुट हा एकच मुद्दा असेल तर चालेल. विलंब किंवा टकरी मोजत असाल तर चालणार नाही, कारण मोठं पॅकेट हवेत जास्त वेळ असतं आणि चॅनलसाठीची झटापट बदलते.

ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना वगळा

ही पायरी थोडी अवघड आहे. ऑपनेटच्या वायरलेस पॅलेटमध्ये रिसिव्हर ग्रुप ठरवणारं एक ऑब्जेक्ट असतं. ते मॉडेलमध्ये ठेवलं की अंतराची किंवा पाथलॉसची (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो त्याची) मर्यादा देता येते. तिच्या पलीकडच्या नोडची त्या फ्रेमच्या हिशोबात गणनाच होत नाही, कारण रिसिव्हर निवडणं हा पाइपलाइनचा अगदी पहिला टप्पा आहे. ३९ हा आकडा इथे खाली येतो.

इथे एक चूक मी जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होताना पाहिली आहे. रेंज २५० मीटर आहे ना, मग मर्यादाही २५० मीटर ठेवू. पटण्यासारखं वाटतं, कारण १ किलोमीटरच्या चौकोनात २५० मीटरच्या आत सरासरी ६ शेजारी असतात. ३९ चे ६ झाले. ग्राफ सुंदर येतात, पॅकेट पोचण्याचं प्रमाण एकदम वर जातं.

ते वर जातं कारण तुम्ही गोंगाट काढून टाकला. ४०० मीटरवरचा नोड तुमचं पॅकेट वाचू शकत नाही, पण त्याच्या बोलण्याने तुमच्या शेजाऱ्याचं ऐकणं बिघडतं. एनएस-२ च्या नेहमीच्या सेटिंगमध्येसुद्धा वाचण्याची रेंज २५० मीटर आणि चाहूल लागण्याची रेंज ५५० मीटर अशी वेगळी आहे, ती याचसाठी. मर्यादा चाहुलीच्या रेंजवर ठेवायची. ५५० मीटरला याच मैदानात सरासरी २१ ते २२ नोड येतात. म्हणजे खर्च साधारण ५५ टक्क्यांवर येतो आणि भौतिकशास्त्र शाबूत राहतं.

खात्री करायला एक लहान रन मर्यादा लावून आणि तोच रन मर्यादा न लावता करा, दोन्हींना सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणारा सुरुवातीचा आकडा) तोच ठेवा. पॅकेट पोचण्याच्या प्रमाणात डोळ्यांत भरणारा फरक दिसला तर मर्यादा वाढवा. नोड फिरते असतील तर ग्रुप किती वेळाने पुन्हा काढायचा तेही द्यावं लागतं. सेकंदाला १० मीटर वेगाचा नोड ३० सेकंदांत ३०० मीटर जातो, तेव्हा ३० सेकंदांचा ताजेपणा कामाचा नाही.

नोड कमी करणं

मुलं हा उपाय सगळ्यात आधी करतात, मी तो इतका खाली ठेवते. ४० चे २० केले आणि मैदान तेवढंच ठेवलं तर घनता निम्मी होते, नेटवर्कचे तुकडे पडतात, आणि पॅकेट पोचत नाहीत ती प्रोटोकॉलमुळे नव्हे तर रस्ताच नसल्यामुळे.

घनता राखायची तर मैदानही लहान करावं लागतं: २० नोडना साधारण ७०७ मीटरचा चौकोन. पण मग दोन नोडमधलं सरासरी अंतर ५२१ मीटरवरून ३६९ वर येतं. २५० मीटर रेंजला तीन हॉपचे रस्ते दोन हॉपचे होतात. रस्ता जितका लांब तितका तो तुटायचा संभव जास्त, आणि राउटिंगच्या प्रोटोकॉलची परीक्षा तिथेच असते. मैदान चौकोनी न ठेवता लांबट ठेवलं, १,००० बाय ५०० मीटर, तर घनताही राहते आणि लांब रस्तेही काही प्रमाणात टिकतात. नोड कमी करायचेच असतील तर मी हेच सुचवते.

एका लांब रनऐवजी अनेक आखूड रन

मर्यादा प्रत्येक रनला असते, प्रोजेक्टला नाही. डेटाच्या ५०० सेकंदांचा एक रन बसत नसेल तर डेटाच्या १०० सेकंदांचे पाच घ्या. ही पळवाट नाही. अनेक स्वतंत्र रन घेऊन सरासरी आणि विश्वास-अंतराल (सरासरीच्या आजूबाजूला खरं उत्तर असावं असा पट्टा) देणं ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने एका लांब रनपेक्षा चांगलीच पद्धत आहे, आणि एकाच रनवरचे निष्कर्ष जाणकार परीक्षक मान्य करत नाहीत.

अट एकच: प्रत्येक रनचा सीड वेगळा हवा. ऑपनेटमध्ये सीड न बदलल्यास तो १२८ असतो. १२८ ठेवून पाच वेळा चालवलं की तोच रन पाच वेळा मिळतो. "उत्तर किती स्थिर आहे बघा" म्हणून पाच सारखे आकडे मला अभिमानाने दाखवणारी मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना समजावताना मी दोन लॅपटॉप शेजारी ठेवते, एकावर सीड १२८, दुसऱ्यावर १२९, आणि नोड फिरताना दाखवते. पहिल्या दहा सेकंदांतच नोड वेगवेगळ्या दिशांना निघतात. मग शब्दांनी सांगावं लागत नाही.

पाच रन असतील तर ९५ टक्के विश्वास-अंतरालासाठी संख्याशास्त्राच्या टी-तक्त्यातलं टी चं मूल्य २.७७६ घ्या, दहा असतील तर २.२६२. प्रमाण विचलनाला रनच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा आणि टी ने गुणा. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढी जागा सोडून दोन प्रोटोकॉलचे पट्टे एकमेकांवर स्पष्टपणे चढत असतील तर "हा त्याच्यापेक्षा सरस" असं लिहू नका.

आखूड रनमध्ये सुरुवातीची अस्थिर सेकंदं प्रत्येक वेळी मोजणीतून वगळायची. फिरण्यासाठी रँडम वेपॉइंट (नोड कुठलंही ठिकाण आणि वेग निवडून तिकडे जातो ते मॉडेल) वापरत असाल तर किमान वेग शून्य ठेवू नका. शून्याच्या जवळचा वेग वाट्याला आलेला नोड आपल्या मुक्कामाकडे रेंगाळतच राहतो, असे नोड साठत जातात, आणि सगळ्या मैदानाचा सरासरी वेग हळूहळू घसरतो. आखूड आणि लांब रनची उत्तरं मग वेगळी येतात आणि कारण सापडत नाही. किमान वेग सेकंदाला १ मीटर ठेवला तरी बराच फरक पडतो.

दुसरं सॉफ्टवेअर

सगळ्यात महाग पायरी, पैशाने नव्हे, वेळाने. एनएस-३ हा सिम्युलेटर मुक्त आहे, २००८ पासून त्याच्या आवृत्त्या येत आहेत, आणि त्यात इव्हेंटवर मर्यादा नाही. मर्यादा फक्त तुमच्या मशीनची आणि धीराची. विंडोजवर चालवायचं तर आतमध्ये लिनक्स बसवून चालवता येतं. बांधताना डीबगऐवजी ऑप्टिमाइझ्ड प्रोफाइल निवडा, नाहीतर विनाकारण संथ चालेल आणि दोष एनएस-३ ला द्याल. तिथेही नेहमीचा वायफाय चॅनल प्रत्येक फ्रेम सगळ्यांना पोचवतोच, म्हणून वरचा हिशोब तिथेही कामाला येतो. वेगळे रन घेताना तिथे रन क्रमांक बदलायला विसरू नका, सीड बदलण्याचं काम तिथे तो करतो.

ओम्नेट++ हा आणखी एक सिम्युलेटर शैक्षणिक कामासाठी मोफत आहे, त्यावर आयनेट हा मॉडेलचा संच घेतला की वायरलेस आणि राउटिंगची मॉडेल मिळतात. त्याचं चित्रमय रूप शिकायला छान, पण खरे रन कमांडवरून चालणाऱ्या रूपातच घ्या. वेगात फार मोठा फरक आहे. विषय सेन्सर नेटवर्कचा असेल तर कूजा हा सिम्युलेटरही पाहा.

सी++ येत असेल आणि रोज बसायची तयारी असेल तर एनएस-३ मध्ये स्वतःचं मॉडेल उभं करायला माझ्या मुलांना तीन आठवडे लागतात. सबमिशन त्याहून जवळ असेल तर जाऊ नका. आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून जुळवायला जाऊ नका: रेडिओची मुळातली सेटिंग वेगळी, पाठवण्याची शक्ती वेगळी, आकडे जुळणार नाहीत. आधी दोन नोड, एक हॉप, एवढंच मॉडेल दोन्हीकडे करून बघा. ते जुळलं की मगच पुढे.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

लायसन्सची मुदत संपली, सक्रिय होत नाही, मशीन फॉरमॅट केल्यावर ओळखत नाही: इथे स्वतः काही करू नका. मशीनची तारीख मागे नेऊ नका, क्रॅक उतरवू नका. हे मी नियम म्हणून सांगत नाही. क्रॅकसोबत आलेल्या व्हायरसने एका मुलीचं सहा महिन्यांचं काम गेलेलं मी पाहिलं आहे, आणि ती माझ्यासमोर रडली होती. शिवाय रिपोर्टमध्ये आवृत्ती लिहावी लागते. लॅब-इनचार्जकडे जा, कॉलेजकडे पूर्ण आवृत्तीच्या काही जागा असू शकतात आणि त्या रिकाम्या पडलेल्या असतात.

तुमचा प्रश्नच मोठ्या संख्येचा असेल, शहरातली २०० वाहनं, हजार सेन्सर, तर मर्यादेत बसवायचा हट्ट सोडा. २० नोडवर मिळालेल्या उत्तरावरून २०० बद्दल बोलता येत नाही. गाईडकडे जाऊन विषय बदला किंवा सॉफ्टवेअर बदला, आणि हे डिसेंबरात करा, मार्चमध्ये नाही.

कापाकापीनंतर निष्कर्ष उलटला, आधी एओडीव्ही पुढे होतं आणि आता ओएलएसआर पुढे आलं, तरीही थांबा. कुठला कापलेला गुणक तुमच्या प्रश्नाचाच भाग होता हे शोधायला नेटवर्किंग शिकवणारा माणूस शेजारी बसायला हवा.

प्रोटोकॉलच्या आतला कोड बदलायचा असेल, तर विद्यार्थी आवृत्तीशी झगडत बसण्याऐवजी ते काम येत असलेल्या कुणाला तरी गाठा. एमई करणारे सीनियर बहुतेक वेळा आनंदाने मदत करतात.

कुणाकडेही जाताना हातात एक कागद असू द्या. त्यावर नोड किती, मैदान केवढं, किती जोड्या बोलतात, सेकंदाला किती पॅकेट आणि कोणत्या आकाराची, आरटीएस चालू की बंद, सीड कोणता, डेटा कितव्या सेकंदाला सुरू होतो, रन कितव्या सेकंदाला थांबला, तेव्हा इव्हेंट किती, आणि लॉगची शेवटची ओळ जशीच्या तशी. हाच कागद थोडा नीट लिहून काढला की रिपोर्टमधलं सिम्युलेशनच्या सेटिंगचं पान तयार होतं. काय कापलं आणि का, ते त्याच पानावर लिहा.